'सरकी'ची शेवटची सात मिनिटं

मंगळवारी सकाळी पावणेदहाला माझ्या मित्राच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, भास्कर वारला. मी शिक्षकांच्या खोलीत होतो. पिशवी घेतली, मुख्याध्यापकबाईंना सांगितलं आणि अनसिंगहून वाशीमला गेलो. दुपारी अंत्यविधी झाला.

त्याला आता सहा आठवडे झाले. या काळात मी हा लेख तीन वेळा लिहायला घेतला आणि तिन्ही वेळा त्यात भास्करची स्तुती करत सुटलो. स्तुती खरी होती, पण ती लिहिताना एक गोष्ट मी टाळत होतो. आज ती टाळणार नाही.

भास्कर वाशीममधल्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होता. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांचे पट्टे बदलणं, चामड्याचे रोलर बसवणं, बेअरिंगला ग्रीस भरणं हे त्याचं काम. नव्वदच्या दशकात त्याने एक अल्बम केला. त्याचं नाव 'सरकी'. सहा तुकडे, जेमतेम साठ कॅसेटी. त्यात इलेक्ट्रिक गिटार आहे, भास्करचा ओरडल्यासारखा आवाज आहे आणि बाकी सगळी यंत्रं आहेत. अशा संगीताला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. भास्कर त्याला 'मशीनीचं गाणं' म्हणायचा. त्या साठ कॅसेटींची कुणी दखल घेतली नाही. कुठे परीक्षण आलं नाही, आकाशवाणीने वाजवलं नाही. एका गिऱ्हाइकाने तर कॅसेट परत आणून दिली आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या कॅसेटीत चक्की घुसली."

भास्कर हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं सांगायचा आणि सांगताना खूश व्हायचा. "समजलं त्या माणसाले," म्हणायचा. "बराबर समजलं."

आमची ओळख झाली ती एका इंग्रजी कॅसेटमुळे. मी नुकताच अनसिंगच्या शाळेत लागलो होतो, पण राहायला वाशीममध्येच, जिनिंगच्या मागच्या गल्लीत एका खोलीत होतो. कापसाच्या गाठी बांधायचं नवं प्रेस बसवायला बाहेरून एक इंजिनिअर आला होता, तो जाताना भास्करला एक कॅसेट देऊन गेला. तिला कव्हर नव्हतं, त्यामुळे कुणाची ते आम्हाला कधीच कळलं नाही. गिटारच्या खाली हातोड्यांचे, पत्र्यांचे, मोटारींचे आवाज होते. भास्कर ती घेऊन माझ्याकडे आला, कारण गल्लीत इंग्रजी शिकवणारा मी एकटाच. म्हणाला, "मास्तर, हे लोक काय म्हणून राह्यले थोडं सांगा ना." मी तीनदा ऐकलं. एक ओळही लागली नाही. तसं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "तुमाले बी नाही समजत? बरं झालं. मले वाटलं माहीच शाळा कमी पडली." आठवडाभरात 'तुमाले'चं 'तुले' झालं. मास्तर मात्र मी शेवटपर्यंत राहिलो.

त्याच्यावर त्या कॅसेटचा परिणाम वेगळाच झाला. ती माणसं परदेशात मुद्दाम हातोडे आपटून जे करत होती ते आपल्याकडे रोज तीन पाळ्यांत फुकट वाजतं, असं त्याचं म्हणणं. त्याने अकोल्याहून एक जुनी गिटार आणली. ती साधी लाकडी होती. तिला इलेक्ट्रिक करायला त्याने जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढली, एका चुंबकावर हजारो वेढे हाताने गुंडाळले आणि ते तारांखाली बसवलं. त्यातून निघालेला आवाज मी दुसऱ्या कुठल्याही गिटारीचा ऐकलेला नाही. जरा चिडलेला, जरा सर्दी झालेला. मग तो टेपरेकॉर्डर घेऊन फिरायला लागला. जिनिंगचे आवाज, डाळमिलचे आवाज. जऊळक्याच्या स्टेशनवर आम्ही सायकलींवर गेलो होतो, छोट्या लाइनीच्या, म्हणजे मीटरगेजच्या मालगाडीचे डबे एकमेकांना आदळतात तो आवाज घ्यायला. स्टेशनमास्तरांनी विचारलं, काय चाललंय. भास्कर म्हणाला, "साहेब, गाडीचं गाणं भरून राह्यलो." ते म्हणाले, "भरा. आमाले तं झोपू देत नाही ते."

भास्करची आई, गिरजामावशी, त्याच कारखान्यात कापूस निवडायच्या कामावर होती. यंत्रात जाण्याआधी कापसातली पानं, काड्या, दगड काढणाऱ्या वीसेक बाया तिथे बसायच्या, त्यांतली ती. तिला मुलाचं हे वेड कळत नव्हतं आणि तिने ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मी घरी गेलो की म्हणायची, "तू शिकेल सवरेल माणूस, त्याले सांगत काहून नाही? दिवसभर मशीन, घरी आला का पुन्हा मशीन." अल्बमचं नाव काय ठेवायचं यावर आम्ही बोलत होतो, मी दोन-चार भारदस्त नावं सुचवली होती, तेव्हा भास्कर म्हणाला, "सरकी ठेव. रुई तं सारेच पाह्यतात, सरकीले कोण पाह्यते?" मावशी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ढोरं पाह्यतात." तेवढ्यावर नाव पक्कं झालं.

माझ्याकडे दोन कॅसेटींचा टेप होता. भास्करचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून. तिथे रुईचे तंतू हवेतच असायचे आणि टेपचं हेड दोन दिवसांत पांढरं पडायचं. म्हणून मूळ कॅसेट, जिला आम्ही मास्टर म्हणायचो, माझ्या खोलीवर ठेवायची आणि प्रती मी काढायच्या असं ठरलं. कव्हरवरची अक्षरंही मीच लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं. मास्टर देताना भास्करने बजावलं, "पयले पूर्ण आयक. शेवटपर्यंत. मंग सांग."

मी पूर्ण ऐकली नाही. पहिली बाजू ऐकली, ती मला मनापासून आवडली. दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा दहा मिनिटांचा होता, नाव 'सुट्टी'. त्यात गिटार नव्हती, आवाज नव्हता, फक्त जिनिंगची यंत्रं चालू होती. दोन मिनिटं ऐकून मी तो पुढे नेला, थोडं ऐकलं, यंत्रंच होती, आणि बंद केला. मला वाटलं, माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी भास्करने विचारलं, "शेवट कसा वाटला?" त्याच्या विचारण्यात काहीतरी वेगळं होतं, ते मला आता जाणवतं. मी म्हणालो, "शेवट फार छान जमलाय." तो मान खाली घालून हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

मग कापसाचा हंगाम सुरू झाला. भास्कर कारखान्यातून बाहेर निघेना. मी बाजारात कोऱ्या कॅसेटी आणायला गेलो तर साठ मिनिटांच्या संपलेल्या होत्या, पंचेचाळीसच्याच होत्या. 'सरकी'ची पहिली बाजू त्यात बसत होती, दुसरी बसत नव्हती. शेवटची सात मिनिटं तुटणार होती. भास्करला विचारायला कारखाना चार पावलांवर होता. मी विचारलं नाही. यंत्रांचाच तर आवाज आहे, दहा मिनिटं असला काय आणि तीन मिनिटं असला काय, असं म्हणून मी साठ कॅसेटी घेऊन आलो. टेपचा आवाज शून्यावर ठेवायचो आणि प्रत निघेपर्यंत पुस्तक वाचत बसायचो. दुसऱ्या बाजूची फीत संपली की खटका पडायचा, मी पुस्तकात बोट घालून कॅसेट बदलायचो. त्या साठ प्रती मी अशा काढल्या. एकाही प्रतीचा शेवट मी ऐकला नाही.

भास्करला हे कळण्याचं कारण नव्हतं. तो स्वतःची कॅसेट लावत नसे. "मी भरली, मले पाठ हाय," म्हणायचा. पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही एका बांगड्यांच्या दुकानाशेजारी जागा मिळवून 'सरकी' वाजवली. पहिलीच बाजू वाजवली, तेवढ्यात बांगडीवालीने हात जोडले, "दादा, मह्या गिऱ्हाइकाले वाटते जनरेटर फुटला. तुमी दुसरीकडे बसा ना." त्या दिवशी दोन कॅसेटी गेल्या. बाकीच्या हळूहळू ओळखीत वाटून संपल्या. पुढच्याच वर्षी मावशी तापाने आजारी पडली आणि चार दिवसांत गेली. त्यानंतर भास्करने गिटार भिंतीला टांगली. मी विचारायचो, आता पुढचं काय? तो म्हणायचा, "पाहू ना."

मास्टर माझ्याकडेच पडून होती. मी अनसिंगला राहायला गेलो तेव्हा ती सामानात आली. शाळेत तेव्हा नवीनच टेप घेतला होता आणि परिपाठासाठी प्रार्थना, प्रतिज्ञा, कवायत हे सगळं एका कॅसेटवर भरून घ्यायचं ठरलं. कोरी कॅसेट हाताशी नव्हती. मी घरून मास्टर नेली. तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून भास्करने वरच्या दोन्ही टिकल्या तोडून टाकल्या होत्या. त्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली आणि कॅसेट कुठल्याही बाजूने लावली तरी चालावं म्हणून दोन्ही बाजूंवर परिपाठ भरला. 'सरकी' साठ घरांत पोचली आहे, मास्टरची आता गरज काय, असं मी स्वतःला सांगितल्याचं आठवतं. प्रती अपुऱ्या आहेत हे मलाच माहीत होतं, आणि ते त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. चिकटपट्टी नीट बसावी म्हणून मी ती नखाने दाबली होती, हे मात्र आठवतं.

पुढची वीस-बावीस वर्षं सांगण्यासारखं फार नाही. भागात कापूस कमी होऊन सोयाबीन वाढलं, जिनिंग बंद पडलं, त्याचं गोदाम झालं. भास्करने पंपांच्या मोटारी बांधायचं, म्हणजे त्यांची जळालेली तार नव्याने गुंडाळायचं दुकान टाकलं. त्याची छाती रुईने आधीच धरली होती, हिवाळ्यात तो बसूनच झोपायचा. लग्न उशिरा झालं. शोभावहिनींनी सासूला पाहिलं नव्हतं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. तो मोटारीचे वेढे मोजत असायचा, मी शेजारी बसायचो. 'सरकी'बद्दल आम्ही क्वचितच बोलायचो.

मग सव्वा वर्षापूर्वी पुण्याच्या एका तरुणीने जुन्या बाजारात मिळालेली 'सरकी' इंटरनेटवर चढवली. कव्हरवर गावाचं नाव होतं, त्यावरून तिने भास्करला शोधून फोनही केला. थोड्याच दिवसांत कुठकुठली माणसं ती ऐकायला लागली. हे त्या काळात आपल्याकडे कुणी केलं होतं यावर लोकांचा विश्वास बसेना. बऱ्याच जणांना सगळ्यात जास्त आवडला तो शेवट. यंत्रं चालू असतानाच अल्बम एकदम तुटतो, शेवट न करण्याचं हे धाडस आहे, असं लोकांनी लिहिलं. एकाने लिहिलं होतं, कारखाना कधी थांबतच नाही, हेच कलावंताला सांगायचं आहे.

भास्करने ते मोबाइलवर ऐकलं, वाचलं आणि मला फोन लावला. आधी खूप हसला, खोकला येईपर्यंत हसला. "मास्तर, मी कलावंत झालो ना बे." मग म्हणाला, "पण ते शेवटचं कुठी गेलं रे? मशीन बंद होते ते?"

मी म्हणालो, "तिची कॅसेट खराब झाली असेल. जुनी आहे."

"असन," तो म्हणाला. "पण मास्टर हाय ना तुह्यापाशी? त्याच्यात आईचा आवाज हाय, लेका. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होते आन् आई बोलते. तू तं आयकला होता. तिचा तेवढाच आवाज हाय, दुसरा नाही कुठी..."

मी म्हणालो, "हो. आहे. शोधतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याने शिवी दिली असती, कदाचित आठवडाभर बोलला नसता. पण तीस वर्षांपूर्वी 'शेवट छान जमलाय' म्हणालो होतो, त्याचं काय उत्तर द्यायचं? एक खोटं उघड केलं की दुसरं आपोआप उघडं पडत होतं. मी 'शोधतो' म्हणत राहिलो. तेरा महिने म्हणत राहिलो. तो दर भेटीत विचारत नसे, हे त्याहून कठीण होतं. एकदा मीच विषय काढला, म्हणालो, माळ्यावरची खोकी राहिलीत अजून. तो म्हणाला, "आरामात पाह्य. पडशील-बिडशील माळ्यावरून, मंग शाळेतले पोरं मह्या नावानं बोंबलतीन." प्रत्यक्षात मी माळ्यावर एकदाही चढलो नव्हतो. जे पुसून टाकलं ते शोधायचं कशाला, असा माझा हिशेब होता.

तेरवीच्या दिवशी माणसं पांगल्यावर शोभावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते कॅसेट सापडलं का? त्यायले दवाखान्यात म्या म्हटलं होतं, मास्तरले फोन लावू का. तं नाही म्हणे. मास्तर शोधून राह्यला, त्याच्या मागं नको लागू..."

मी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, मलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत जिथे मी रोज पिशवी अडकवतो, त्या खुंटीखाली एक लोखंडी कपाट आहे. परिपाठ आता पेनड्राइव्हवर वाजतो, पण जुन्या वस्तू कुणी टाकलेल्या नाहीत. खालच्या कप्प्यात ढालींच्या आणि जुन्या नकाशांच्या मागे ती कॅसेट होती. वर माझ्याच अक्षरात 'परिपाठ' लिहिलेलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी ती हातात घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. दुसऱ्या बाजूला फितीच्या शेवटी किती जागा उरते हे बघताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की बाजू तीस मिनिटांची होती आणि परिपाठ काही तीस मिनिटांचा नव्हता.

शाळेतला टेप केव्हाच मोडीत गेला होता. माझ्या टेपचे पट्टे वितळून चिकटले होते. चालता टेप फक्त भास्करच्या घरी होता. मी वाशीमला गेलो आणि वहिनींना आधी सगळं सांगितलं. पंचेचाळीसच्या कॅसेटी, पुस्तक, चिकटपट्टी, 'शोधतो', खुंटीखालचं कपाट. त्या गहू निवडत होत्या. मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. मी संपवल्यावर म्हणाल्या, "मंग आता काय आणलं?"

"तीच कॅसेट. शेवटी काही उरलं असलं तर..."

"लावा."

मी पुढे न्यायला बटणाकडे हात नेला तर त्या म्हणाल्या, "ढकलू नका. सुरवातीपासून लावा." आम्ही सगळा परिपाठ ऐकला. मुलांची प्रार्थना, प्रतिज्ञा, ढोलावरची कवायत, मध्येच माझा तरुण आणि कडक आवाज, सावधान, विश्राम, पुन्हा सावधान. वीस मिनिटं त्या गहू निवडत होत्या आणि मी जमिनीकडे बघत होतो. मग भरणं बंद केल्याचा खटका ऐकू आला आणि जिनिंगची यंत्रं सुरू झाली. बराच वेळ ती तशीच चालली. नंतर भोंगा झाला. एकेक यंत्र थांबायला लागलं, पट्टे ढिले पडून फटफट वाजले, एक रोलर उगाच फिरत राहिला, तोही थांबला. बायांचा गलका जवळ आला आणि त्यातून एक आवाज अगदी टेपच्या तोंडाशी आला.

"झालं का रे तुहं? चाल, भाकर खाय."

"थांब ना आई, टेप चालू हाय."

"चालू राहू दे. त्याले काय भाकर लागते?" बाया हसल्या. "आन् त्या मास्तराले बी बलाव. दोन दिवसांचा दिसला नाही. पुस्तकच खाते का तो?"

भास्कर हसला. तिथे फीत संपली.

वहिनींनी गव्हाचं सूप खाली ठेवलं होतं. "मले वाटे आवाज जाड असन त्यायचा," त्या म्हणाल्या. "बारीक हाय." मग म्हणाल्या, "पुन्हा लावा. तेवढंच." मी लावलं. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. मला त्यांनी माफ केलं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. निघताना चहा दिला, आणि म्हणाल्या, "त्या कपाटापाशी रोजच जात होते ना तुमी?"

मी हो म्हणालो.

इंटरनेटवरची 'सरकी' अजून यंत्रं चालू असतानाच तुटते, आणि तिचं कौतुक अजून होतं. पुण्याच्या त्या तरुणीला मी सगळं कळवलं आहे. कॅसेट शोभावहिनींकडे आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला आधी माझ्या शाळेचा परिपाठ आहे, मग यंत्रं थांबतात, मग मावशी बोलते. भास्करला ती कॅसेट पुन्हा ऐकायला मिळाली नाही.